अण्णांची मिशी आणि माझं टक्कल

माझे वडील वारले तेव्हा मी दारातच बसलो होतो, आणि त्यांच्या हातचा मारही मी त्याच दुपारी खाल्ला.

बीडच्या कॉलेजात आम्हाला जोडीजोडीनं दहा मिनिटांची फिल्म करायची होती. माझा जोडीदार वैभव बीड शहरातला, म्हणून दिग्दर्शक तो. गाव माझं, म्हणून राबायचं मी. नेकनूरजवळच्या आमच्या गावात शूटिंग ठरलं. गोष्ट साधी होती: शिक्षण सोडणाऱ्या पोराला बाप फैलावर घेतो. पोरगा मी, बाप आमचे अण्णा. कॅमेरा अण्णांच्याच मोबाइलचा, कारण आमच्या तिघांत तोच एक धड होता. (मोबाइल म्हणतोय मी.)

पण बाराही महिने माझ्यावर खेकसणारे अण्णा कॅमेरा दिसला की नवरदेवासारखे हसायचे! वैभवनं दोन दिवस विनवण्या केल्या. अण्णा मिशीला पीळ द्यायचे आणि पुन्हा हसायचे. तो रागाचा एक शॉट नसेल तर फिल्म नाही, आणि फिल्म नसेल तर आम्ही दोघंही नापास.

त्यात चौसाळ्याला चुलत आजोबांचा दहावा आला. अण्णा भावकीचे, गेले आणि डोक्यासकट मिशीही देऊन आले. आता निम्म्या फिल्ममध्ये बाप मिशीवाला आणि निम्म्यात गुळगुळीत! वैभवनं तासभर डोकं धरलं. मग म्हणाला, गोष्टीतला आजोबा मारून टाकू, म्हणजे बापाचं टक्कल खपून जातं. वर म्हणाला, "तूबी कर बे. बापलेक दोघं टकले, लई भारी दिसंल."

बाप जिवंत असताना पोरानं असं डोकं-मिशी उतरवायची नसते, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही जाणतं. मी कॉलेजात शिकत असल्यामुळं विसरलो. आई माहेरी गेलती, अण्णा मोबाइल आमच्याकडं ठेवून बाजाराला गेलते, अडवणारं कुणीच नव्हतं. वैभवनं स्वतःच माझं डोकं भादरलं, तीन ठिकाणी कापलं, आणि कशीबशी फुटलेली मिशीही उडवली.

मग आजोबाच्या दुःखाचा शॉट. डोळ्यांना कांदा चोळून मी दारात बसलो आणि हुंदके द्यायला लागलो. समोरून शेजारचे तात्या चालले होते. त्यांनी माझं डोकं पाहिलं, मिशी गेलेली पाहिली, आणि मटकन खाली बसले. मला वाटलं, काय गुणी माणूस, न सांगता मदत करतोय! मी आणखी मोठ्यानं रडलो. तात्यांनी खात्री करायला अण्णांना फोन लावला. तो वाजला वैभवच्या हातात, शॉट बिघडतोय म्हणून त्यानं फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. अण्णा फोन उचलत नाहीत म्हटल्यावर तात्यांची खात्रीच पटली.

अर्ध्या तासात अंगण भरलं. बायांनी गळा काढला. काकूनं मला पोटाशी धरलं. कांद्यानं डोळे उघडत नव्हते, आणि वैभव कानाशी कुजबुजत होता, "थांबू नको, खरं वाटायलंय."

तेवढ्यात जीप थांबली. बाजारातून घेतलेली शेळी ओढत अण्णा गर्दीतून पुढं आले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

तात्या म्हणाले, "तूच की."

अण्णांनी तात्यांकडं पाहिलं, मग माझ्या डोक्याकडं. दोरी सोडली.

"आरं, बाप जिता हाय अन् तू मिशी काढलीस? कावून काढलीस? कॉलेजात हेच शिकिवत्यात व्हय? आजपासून शाळा बंद, उद्यापासून ही शेळी राख!"

मग पाठीत दोन रपाटे. असा राग मी अण्णांचाही पाहिला नव्हता, आणि हे माझ्या एका मूर्खपणामुळं भर गावासमोर झालं याची मला खरंच लाज वाटली. वैभवला नाही वाटली. त्यानं एका दमात सगळं टिपलं आणि अण्णांच्या पायाच पडला.

आम्ही पास झालो. सरांनी वर्गात फिल्म दाखवली. बापाचा राग अस्सल, म्हणाले. बायांचं रडणं अस्सल, शेळीसुद्धा सहज वावरते. "फक्त पोरगा कच्चा. त्याचं टक्कल चिकटवलेलं आहे, हे लगेच कळतं."

टोपी काढून दाखवावी असं मनात आलं. पण एव्हाना खुंट उगवले होते, तेही त्यांना चिकटवलेलेच वाटले असते.