आधी बाप्याचा हात

"आधी बाप्याचा हात," असं म्हणून ताई रबरी पट्टा उचलायची आणि नवऱ्याच्या दंडाला बांधायची. बायको शेजारच्या स्टुलावर बसून राहायची, तिचा नंबर दुसरा.

महाडला वंध्यत्वाच्या दवाखान्यात ती रक्त घ्यायची, लशीही टोचायची. रोज सकाळी वरंधहून एसटीनं यायची. मी समोरच्या टेबलावर, फायली आणि याद्या घेऊन. उपचारांआधी नवरा-बायको दोघांचंही रक्त तपासावं लागतं: एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, गुप्तरोग. माझ्या छापील फॉर्मवर बायकोची ओळ वर, नवऱ्याची खाली. खालची ओळ निम्म्या वेळा रिकामी राहायची. बायको सांगायची, "कामावर हायेत. पुढच्या खेपेला येतील."

"उलटं छाप गो," ताई म्हणायची. "बाई कुठं पळत नाय. बाप्या पळतो."

मी ऐकलं नाही. शंभर फॉर्म शिल्लक होते.

तुम्हीही पाहिलं असेल, सुईला पुरुष जास्त घाबरतात. एक धिप्पाड गडी सुई पाहूनच पांढरा पडला. ताई म्हणाली, "इकडं नको, बायकोकडं बघा. तिच्यासाठीच आलात ना?" त्यानं बायकोकडे पाहिलं. ती हसत होती. तेवढ्यात नळी भरलीसुद्धा.

पोलादपूरच्या वरच्या अंगाचं एक जोडपं यायचं. गावाचं नाव सांगत नाही. लग्नाला सहा वर्षं झालेली, सोबत कायम सासू. तपासणीत नवऱ्याच्या रक्तात बी कावीळ निघाली, बायकोचं रक्त स्वच्छ. डॉक्टरांनी दोघांनाच आत बसवून समजावलं. हा आजार जन्मापासूनही असू शकतो, सुईतूनही येतो, यात वागणुकीचा प्रश्न नाही. बायकोला सहा महिन्यांत तीन लशी द्यायच्या, मग उपचार. नवरा मान डोलावत राहिला. बाहेर बसलेल्या आईला मात्र त्यानं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या लशीला सासू बाकावरून मोठ्यानं म्हणाली, "बघा, सुया कुणाला चालल्यात. मी पहिल्यापासून सांगते, खोट हिच्यातच हाय."

सुनेनं जमिनीकडे पाहिलं. नवऱ्यानं मोबाइलकडे. ताईचा कापूस धरलेला हात क्षणभर थांबला. एका वाक्यात तिला सासूचं तोंड बंद करता आलं असतं. तिनं कापूस दंडावर दाबला. रुग्णाचं रक्त काय सांगतं, ते रुग्णानंच बोलायचं, हा तिचा नियम.

ते निघताना ताई नवऱ्याला हळूच म्हणाली, "तिसऱ्या सुईला येशील ना रे? नायतर कामाचं निमित्त काढशील."

ती माणसं गेल्यावर ताई माझ्या टेबलाशी येऊन घटाघटा पाणी प्यायली. "तोंडात आलं होतं गो. गिळलं."

तिसऱ्या लशीला तो आला. ताईनं पहिलं स्टूल दाखवलं. "बस."

"मला सुई नाय ना?"

"नाय. बस तरी."

तो बसला. सासू दारातून म्हणाली, "ह्यो कशाला बसलाय? सुई तर हिला हाय."

ताईनं ट्रेमधल्या वस्तू पुन्हा एकदा नीट लावल्या. त्या आधीच नीट होत्या.

"आये," तो म्हणाला, "आजार माझ्या रक्तात हाय. तिला लागू नये म्हणून तिला सुया."

सासू दारातून आत आली. मग म्हणाली, "आनि मी येवडे दिस हिला बोलतेय, ते तू ऐकत बसलास?"

ताई सुनेला म्हणाली, "हात सैल सोड, बाय."

त्या संध्याकाळी उरलेले फॉर्म मी रद्दीत टाकले. नव्यांवर वरची ओळ नवऱ्याची.

पुढे गुडघ्यांमुळे ताईनं काम सोडलं आणि ती मुलाकडे पनवेलला गेली. जाताना दोन्ही स्टुलं पुसून जागेवर ठेवली.

गेल्या महिन्यात तेच जोडपं दुसऱ्या मुलासाठी आलं. पहिली मुलगी आजीच्या मांडीवर बिस्किट खात होती. रक्त पुन्हा तपासायचं होतं. "ताई नायत?" सुनेनं विचारलं. मी सांगितलं. नव्या तंत्रज्ञ बाईंनी पट्टा घेतला आणि सवयीनं सुनेकडे वळल्या.

तोवर तो पहिल्या स्टुलावर बसला होता. बाही वर करून त्यानं हात पुढे धरला होता आणि बायकोकडे बघत होता.