बाजूची खुर्ची

भिलाईच्या सुपेल्यात भूपेंद्रला भूपेंद्र कुणी म्हणत नाही. सगळे 'ड्रोनवाला' म्हणतात, आणि आता त्यालाही खऱ्या नावानं हाक मारली तर वळायला जरा वेळ लागतो. भिलाईत, दुर्गला, पार नंदिनी नगरपर्यंत कुणाकडं लग्न निघालं की बँडवाल्याच्या आधी त्याला फोन जातो. एके काळी नवरदेव घोड्यावर बसून आला की लोकांचं समाधान व्हायचं. आता घोड्यावरचा नवरदेव आभाळातून दिसला नाही तर लग्न लागलंच नाही असं त्यांना वाटतं. हे आभाळातून दाखवायचं काम भूपेंद्रचं.

काम कसलं, मानेचा छळ. अर्धा वेळ मान वर, अर्धा वेळ हातातल्या पडद्यावर खाली. थंडीत बोटं गारठतात, उन्हाळ्यात पडद्यावर काही दिसत नाही. येता-जाता पाहुणे 'भैया, एक बार हमारे ऊपर से भी' म्हणतात, आणि ह्याला जेवणाची आठवण होते तेव्हा केटररची माणसं भांडी घासायला बसलेली असतात. वडील मारोतराव साकोलीकडची शेती सोडून भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले, कोक ओव्हनच्या धगीत उमर काढली आणि रिटायर होऊन घरी बसले. ते मुलाकडं बघून म्हणतात, "आमची ड्युटी आठ घंट्याची होती बाबू. तुही कवा सुटते?" भूपेंद्र बॅटऱ्या चार्जिंगला लावतो.

मुहूर्ताच्या दिवसांत तो घरी येतो तेव्हा बायको, जया, दारात दूध घेत असते. डोळे लाल, अंगावर वरातीची धूळ. पलंगावर अंग टाकतो, पण झोप येत नाही. कानात त्या चार पंख्यांचा भुणभुणाट सुरूच असतो.

त्या यंत्राची एक गोष्ट मात्र त्याची फार लाडकी. ड्रोन ज्या जागेवरून उडतं ती जागा ते लक्षात ठेवतं. मध्येच संपर्क तुटला, तरी बिचारं आपलं आपण वळतं आणि जिथून निघालं होतं तिथंच येऊन उतरतं. मांडवाच्या मागं, केटररच्या पाण्याच्या टाकीपाशी, त्याची उडायची जागा ठरलेली. एवढ्या वर्षांत ते एकदाही चुकलं नाही. "माणसाहून इमानदार हाये हा," असं भूपेंद्र भेटेल त्याला सांगतो.

जयाला हे कौतुक ऐकवत नाही. तिचं दुःख साधं आहे, म्हणून ते कुणाला सांगताही येत नाही. नात्यातल्या लग्नांतसुद्धा भूपेंद्र कामावरच असतो. घरचाच माणूस म्हणून सगळे त्यालाच उभं करतात, आणि ह्या भोळ्या सांबाच्या तोंडून नाही निघत नाही. घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली की जया सवयीनं बाजूला थोडी जागा सोडून उभी राहते. फोटोवाला 'भाभी, सटके खड़े रहो' म्हणतो, आणि ती जागा एखादी मावशी नाहीतर चुलत सासरा भरून काढतो. दोघांचा एकत्र फोटो शोधायचा तर त्यांच्या स्वतःच्या लग्नापर्यंत मागं जावं लागतं.

शेजारच्या मल्याळी टीचर दरवर्षी केरळात गावी जाऊन येत, केळ्याचे वेफर्स आणत आणि होड्यांच्या गोष्टी सांगत. लांबच लांब कालवे, त्यांत घरासारखी होडी, होडीतच स्वयंपाक, होडीतच झोप. जयाला कालवा म्हणजे भिलाईजवळच्या मरोद्याकडची नहर, एवढंच ठाऊक. तसल्या पाण्यावर आपण बसलो आहोत, कुठं जायची घाई नाही, ही कल्पना तिच्या मनात ठाण मांडून बसली. दर वर्षी तिकडं जायचं पुढच्या वर्षावर गेलं. यंदा डिसेंबरात खरमास लागला, लग्नं थांबली, टीचरांच्या भाच्यानं अलेप्पीची होडी ठरवून दिली, तेव्हा जयानं एकच अट घातली.

"तो डब्बा घरी ठेवजा," ती म्हणाली. "मले बाकी काही नाही पाहिजे. दोन-चार दिवस तुमी माह्या बाजूले बसा."

"बसतो ना वो," भूपेंद्र म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

निघायच्या सकाळी त्यानं ड्रोन टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातलं.

ह्यात लबाडी नव्हती, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दुर्ग-भिलाईच्या किती नवऱ्या मुली आपण आभाळातून काढल्या, पण जयाला कधी काढलं नाही, हे त्याला बॅग भरता भरता एकाएकी सुचलं. पाण्यात होडी, काठाला माड, मध्ये जया. असं काही काढून द्यावं की ती बघतच राहील. जे येतं तेच माणूस देणार ना? पण तिनं नेमकं तेच नको म्हटलं होतं, हे काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

होडीवरचा पहिला दिवस बरा गेला. पुढच्या बाजूला वेताच्या दोन खुर्च्या होत्या. एकीत जया बसली, दुसरीत भूपेंद्र, पण त्याला बसवेना. हातांचं काय करावं ते कळेना. उठायचा, स्वयंपाकघरात डोकवायचा, नावाड्याला हिंदीत काहीबाही विचारायचा, परत यायचा. शेवटी कॉलेजात जाणारी मुलगी, समीक्षा, म्हणाली, "पप्पा, बैठो ना." जया खूश होती. तळलेल्या केळ्यांची बशी तिनं दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये ठेवली होती.

दुसऱ्या सकाळी नाश्त्यासाठी होडी एका घाटाच्या पायऱ्यांशी बांधली होती. खाणं आटोपलं आणि भूपेंद्रनं टॉवेल सोडला.

जयानं आधी टॉवेलाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"पाच मिनिट," तो म्हणाला. "तुलेच काढून राहिलो."

"मले वरून कायले पाहता?" तिचा आवाज चढला नाही. "बाजूले बसून दिसत नाही का मी?"

पण तोवर पंखे फिरायला लागले होते. ड्रोन घाटाच्या पायऱ्यांवरून उठलं, आणि होडीत परत चढून भूपेंद्रनं नावाड्याला होडी हळूहळू पुढं घ्यायला सांगितलं.

पडद्यावर होडी बोटाएवढी झाली. हिरवं पाणी, दोन्ही काठांना माड, आणि होडीच्या टोकाशी जयाची पिवळी साडी. ती सरळ समोर बघत होती. वर तिनं एकदाही पाहिलं नाही. बाजूची खुर्ची रिकामी होती. ती भूपेंद्रला दिसली, पण दृश्य छान आलंय एवढंच त्याला कळलं. त्यानं ड्रोन आणखी मागं नेलं. पुढं कालव्याला वळण होतं. होडी वळली, मध्ये माडांची दाट रांग आली आणि पडद्यावरचं चित्र थिजलं.

"सिग्नल गया क्या?" समीक्षानं विचारलं.

"येते ना आपोआप. तो घरी येतेच." भूपेंद्रनं हाताची घडी घातली. सुपेल्याच्या मांडवामागं तो असाच निवांत उभा राहतो.

माडांच्या शेंड्यांवर ड्रोन दिसलं. होडीकडं न येता ते उलट्या दिशेला, अगदी ठामपणे निघालं होतं.

"पप्पा, ते तिकडं कावून चाललं?"

भूपेंद्रनं हाताची घडी सोडली. ड्रोन घरीच चाललं होतं. त्याचं घर म्हणजे त्या पायऱ्या, आणि होडी तिथून केव्हाच पुढं आली होती. मांडव जागचा हलत नाही. त्या सवयीच्या माणसाला होडी हलते एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती.

नावाड्यानं होडी वळवली. म्हैस डबक्यातून निघावी तशी ती सावकाश वळली. घाटावर पोचले तेव्हा आभाळ मोकळं होतं. एक बाई पायऱ्यांवर कपडे धूत बसली होती. तिनं पाण्याकडं हात करून नावाड्याला काही सांगितलं आणि त्यानं ते मोडक्या हिंदीत भूपेंद्रला सांगितलं.

"बोलती है, इधर ही आया था. थोड़ा देर ऊपर खड़ा रहा. सीढ़ी के पास बोट नहीं था, कोई नहीं था. फिर हवा आया, पानी में बैठ गया."

नावाड्यानं बांबूनं तळ ढवळून पाहिला. नुसता गाळ वर आला.

भूपेंद्र कठड्याला धरून उभा राहिला. संक्रांतीनंतरचे मुहूर्त, घेऊन ठेवलेल्या तारखा, सगळं डोळ्यांपुढून गेलं, पण मन अडकलं ते त्या बाईच्या बोलण्यात. तोही रोज घरीच येत होता. इमानेइतबारे येत होता. समीक्षा सायकल शिकली, हे त्याला संध्याकाळी कळलं होतं. जयाची आई गेली तेव्हा तो भिलाईतच पॉवर हाउस भागात कुणाची तरी वरात काढत होता, आणि तो पोचला तोवर जयाचं रडून झालं होतं. आपण येतो तोवर आपली माणसं पुढं निघून गेलेली असतात, हे त्याला त्या गढूळ पाण्याकडं बघताना कळलं, आणि त्याला फार दमल्यासारखं झालं. गेलेल्या ड्रोनसाठी हळहळायचंही त्राण उरलं नव्हतं.

तो खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. जयानं तिच्यावर आपली पर्स ठेवली होती. आता चार शब्द ऐकावे लागणार, असं धरूनच तो आला होता. जयानं पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली.

"चुकलं माह्यं, जया."

"बसा ना आधी."

तो बसला. होडी पुन्हा निघाली. हातात धरायला काही नव्हतं, वर बघायला काही नव्हतं. जयानं केळ्याची बशी पुढं केली. त्यानं एक तुकडा उचलला आणि तो हातातच राहिला, कारण मान हळूच कलली आणि जयाच्या खांद्यावर येऊन टेकली. बघता बघता तो घोरायला लागला. जयाचा खांदा अवघडला, पण ती हलली नाही.

समीक्षानं मोबाइल वर धरला आणि थांबली. "मम्मी, पप्पा को उठाऊं? मुंह खुला आ रहा है फोटो में."

"राहू दे," जया म्हणाली. "तसाच काढ. बाजूले तं हायेत."