मुठेलाचं चॉकलेट

ताईला डोहाळे लागले ते चॉकलेटचे. आमच्या घराण्यात तोवर चिंच, फार तर सुकी सुंगटं म्हणजे वाळवलेली कोळंबी, याच्या पलीकडे कुणाची जीभ गेली नव्हती. पण ताईचं सासर मुंबईचं. पहिल्याच खेपेला उलट्यांनी इतकी बेजार झाली, की सासूने पावसाच्या तोंडावर तिला माहेरी, मालवणच्या आतल्या आमच्या गावी धाडली. बरोबर नवऱ्याने दिलेला कोकोचा डबा होता आणि चेहरा पार उतरलेला.

पेज खाल्ली की ओकायची, भात पाहिला की ओकायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, तसा आईचा धीर सुटत चालला. शिवाय डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बाबांनी भर पावसात मालवणच्या बाजारातून चांदीच्या कागदातलं चॉकलेट आणलं. ताईने ते अधाशासारखं खाल्लं आणि तसंच्या तसं परत केलं.

"नुसती साकर ती," आई म्हणाली. "पोटातल्या पोराक तेतून काय गावतलां? मी घराकच करतंय."

चॉकलेट तिने जन्मात केलं नव्हतं. पण न येणारी गोष्टही ठासून करायची, हा तिचा स्वभाव. माझ्यातही थोडा उतरलाय. नाचणी भाजून दळली, काजूगर कुटले, गूळ किसला, त्यात कोको. चव झकास. पण वड्या थापायला खोबरेल घातलं, आणि ताटात नुसता चिखल झाला. दुसऱ्यांदा तूप घातलं, तर त्याच्या वासानेच ताई मागीलदारी पळाली.

मग आईने फळीवरून मुठेल काढलं. रातांब्याच्या म्हणजे कोकमाच्या बिया वाटून उकळल्या की वर जे तूप येतं, ते मुठीत दाबून केलेले हे गोळे. वैशाखात करायचे आणि वर्षभर पुरवायचे. दगडासारखे घट्ट, वास म्हणून नाही. आमच्या घरी त्यांचं काम एकच. लावणीच्या चिखलात बाबांच्या टाचा फुटायच्या, त्या भेगांत मुठेल वितळवून भरायचं.

"आये, ह्यां बाबांच्या टाचांचां मां?" मी म्हणाले.

"नवो गोळो आसा. पोट बिघडलां की माजी आये गरम भातावर वाढी." तोवर गोळा पातेल्यात पडलाही होता. "तिका सांगलंस तर बघ."

वड्या पडल्या. ताईने एक खाल्ली, दुसरी खाल्ली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. काहीच परत आलं नाही. संध्याकाळी तिने आपण होऊन पेज मागितली, तेव्हा आईने चुलीकडे तोंड करून डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

त्या पावसात मुठेलाचे सगळे गोळे ताईच्या वड्यांत गेले. एकदा शेतावरून आल्यावर बाबांनी पाय धुतले आणि फळीवर हात फिरवला.

"माजां मुठेल खंय आसा गो?"

आई कालवण ढवळत राहिली. ताई पडवीत वडी चघळत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या वडीकडे. "ऱ्हवांदे. औंदा खोबरेल लावतंय," म्हणाले.

खोबरेलाने त्यांच्या टाचांना काडीचाही गुण येत नसे. थंडीत तर ते चवड्यांवर चालायला लागले. मला आईचा राग यायचा, ताईचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त बाबांचा, कारण ते साधं कुरकुरतही नव्हते.

मुलगी झाली. बाबांनी आधी तिचे कान तपासले. "बरे आसत," म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

बारसं झाल्यावर एका दुपारी ताई वाटी घेऊन पडवीत आली. बाळंतपणासाठी राखलेल्या शेवटच्या वड्या तिने निखाऱ्यावर वितळवल्या होत्या. ती बाबांसमोर बसली.

"पाय फुडे करा."

बाबांनी पाय आखडून घेतला. "खावची वस्तू पायांक लावतंस?"

"मग पायांची वस्तू मी पावसाळोभर खाल्लंय मां?"

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी काही बोलले नव्हते, देवाशपथ. बाबांनी अंगणाकडे तोंड फिरवलं आणि पाय पुढे केला.