बारवीओसच्या नाकपुड्या

माझ्या धाकट्या दिरांइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या बदलापुरात नव्हता, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये राक्षस आणला तो त्यांनीच. भावजी अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कुठलीही वस्तू समोरून, बाजूने आणि वरून कागदावर काढल्याशिवाय ती त्यांना खरी वाटत नसे. माझं नवं शिलाई मशीन आलं, तर आधी त्याची तिन्ही बाजूंनी चित्रं झाली, मग मला शिवायला मिळालं. शहाडला मुलगी बघायला गेले, तर परतल्यावर मुलीबद्दल अवाक्षर नाही. "वहिनी, त्यांच्या जिन्याला हेडरूम कमी आहे, डोकं आपटतं," एवढंच. बोलणी तिथेच मोडली. पुढेही ती कुठल्या ना कुठल्या जिन्यावर मोडतच राहिली.

उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी ग्रीक पुराणकथांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि घरात दुसरा विषय उरला नाही. "आपले राक्षस म्हणजे मोठ्या मापाची माणसं, वहिनी. यांचे बघा, सगळी असेंब्ली! कमरेपर्यंत माणूस, खाली घोडा. बाईच्या डोक्यावर केसांऐवजी साप!"

"मग ती न्हाते कशी?" मी विचारलं. भावजी दोन दिवस त्या सापांचं वरून चित्र काढत बसले.

त्याच सुमारास बिल्डिंगखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण गंजून तुटलं. सेक्रेटरींनी तोंडावर एक फळी टाकली आणि "मीटिंगमध्ये घेऊ" म्हणाले. पोरं फळी सरकवून आत दगड टाकत, ओरडून आपलाच आवाज ऐकत. त्यात माझी लेक सगळ्यांत पुढे. रागावून झालं, धपाटे घालून झालं. एखादं पोर आत पडणार या धास्तीने माझं स्वयंपाकात लक्ष लागेना.

"टाकीत राक्षस पाहिजे," भावजी म्हणाले. "एकदम ओरिजिनल. मी बनवतो."

आणि बनवला. "सिंहाचं तोंड नको. आपल्या पोरांनी सिंह पाहिलाय कुठे? खरवईच्या रस्त्यावर म्हैस मात्र रोज अंगावर येते." म्हणून म्हशीचं डोकं, बगळ्याची मान, मगरीचं धड आणि पाण्याखाली राहायचं म्हणून एक जादा धरून तीन नाकपुड्या. बारवी धरणातून पाइपाने आला म्हणून नाव बारवीओस. शेवटी 'ओस' लावलं की ग्रीक होतं, असं त्यांचं म्हणणं. मापांसकट तिन्ही बाजूंचं चित्र जिन्यात लागलं. पोरं गारठली. त्या दिवशी टाकीकडे कुणी फिरकलं नाही. खूश होऊन मी भावजींना शिरा करून घातला.

शिऱ्याची घाई झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीने विचारलं, "काका, त्याला आई आहे?"

"नाही" म्हणायला काय जात होतं? पण भावजी म्हणाले, "होती. ती पाइपात मावली नाही. धरणातच राहिली बिचारी."

संध्याकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर फळी बाजूला, टाकीभोवती सगळी पोरं पालथी आणि पाण्यात खारी बिस्किटं पडताहेत. माझी लेक कमरेपर्यंत आत, पाय वर. ओरडत होती, "बारवीओस, रडू नको रे!" फ्रॉकला धरून तिला ओढून काढली.

"भावजी, घाबरवायचं होतं ना? मग त्याला आई कशाला दिलीत?"

धावत आलेल्या भावजींनी आधी फळी टाकीवर ओढली. तरी म्हणाले, "ग्रीक राक्षसाला दुःख असावंच लागतं, वहिनी. नाहीतर ती नुसती म्हैस."

मी मीटिंगची वाट पाहिली नाही. उल्हासनगरहून लोखंडी झाकण करवून आणलं, कुलूप ठोकलं. तर पोरांनी रडून बिल्डिंग डोक्यावर घेतली. तो गुदमरेल म्हणे! मी दाद देणार नव्हते. पण भावजींनी कुठूनतरी ड्रिल मागून आणलं आणि झाकणाला तीन भोकं पाडली, मापं घेऊन, चित्रातल्या नाकपुड्यांच्याच अंतरावर. पोरं गप्प झाली. त्यानंतर त्या झाकणावर कुणी पाय म्हणून दिला नाही. सगळी बाजूने जात.

पुढे भावजी गेले. पोरं मोठी झाली. झाकणही गंजलं. नवं करायला टाकायला मीच गेले, कागदावर समोरून, बाजूने, वरून काढून घेऊन.

उल्हासनगरचा सिंधी फॅब्रिकेटर कागद उलटसुलट करत म्हणाला, "मॅडम, ये तीन होल कायको?"

"नाक है उसका," मी म्हटलं. "और अंदर से जाली मारना. मच्छर नहीं जाना चाहिए."