चारची गाडी अकरा मिनिटं लेट

उमरखेडात कुजबूज अशी होती, की इकबाल डायवरनं नोकरीच्या शेवटच्या दिवशी भरल्या एसटीचं स्टेअरिंग पोरीच्या हाती दिलं. पोरगी विमान उडवणारी. तिला रस्त्यावरचे खड्डे काय कळणार! म्हणून तर एकतीस वर्षांत एक मिनिट न चुकलेला माणूस त्या दिवशी महागावात अकरा मिनिटं उशिरा पोचला. ही बातमी सदाशिवरावांची. सदाशिवराव म्हणजे रोज चारच्या गाडीनं गावी परतणारे, सोयाबीन-तुरीचे मालक आणि दुसऱ्यांच्या घरच्या बातम्यांचे घाऊक व्यापारी.

इकबालचं वेळेचं वेड मात्र खरं होतं. लोक त्याच्या गाडीवर घड्याळ लावायचे. दुसरं वेड केबिनचं. डायवरशेजारच्या सीटवर कोणी पेंगलं, की तो गाडी बाजूला घ्यायचा. "मांगं जाऊन झोपा. बाजूचा पेंगला का डायवरचेबी डोये मिटते." एकदा त्यानं खुद्द डेपोच्या साहेबाला असं मागं बसवलं होतं.

त्या सीटवर न पेंगता बसणारं एकच माणूस होतं, त्याची फिजा. सात वर्षांची असताना शाळेच्या सुटीत ती महागावापर्यंत यायची आणि झोप आली की स्वतःच्याच मांडीला चिमटा काढायची. तिथंच एकदा तिनं विचारलं होतं, "अब्बा, विमानाला कोण चालवते?"

"त्यालेबी डायवरच असते, बेटा."

एवढ्या भांडवलावर पोरगी पायलट झाली. शिष्यवृत्ती, कर्ज, गुलनारच्या, म्हणजे तिच्या अम्मीच्या बांगड्या, सगळं लागलं, पण झाली. आता मस्कतला नोकरी. तिचा शब्द होता, अब्बाच्या शेवटच्या फेरीला ती सीट माझी.

ती फेरी आली एकतीस मे रोजी. इकबाल पहाटे फजरची नमाज आटोपतो तोच फोन वाजला. फिजा रात्रभर विमान चालवून मस्कतला उतरली होती आणि घरी न जाता तशीच हैदराबादच्या विमानापाशी उभी होती.

"अब्बा, विमान फुल आहे. फक्त कॉकपिटमधली घडीची सीट रिकामी आहे, जंपसीट. आम्हा कंपनीच्या पायलटांना तिथं बसता येते, पण कप्तान हो म्हणाले तरच."

इकबालला समजावून सांगावं लागलं नाही. ड्युटी संपवून दुसऱ्याच्या गाडीत केबिनमध्ये बसून घरी यायचं, हे त्यानं जन्मभर केलं होतं.

"कप्तानले सलाम कर, आन् मंगच विचार. आन् बसली तर झोपू नको. दुसऱ्याची केबिन हाये."

"माहीत आहे, अब्बा. चिमटा काढीन."

दुपारी स्टँडवर गाडीला झेंडूच्या माळा चढल्या. केबिनमध्ये तर इतक्या, की मागून काही दिसेना. सदाशिवराव पहिल्या बाकावरून उठून केबिनच्या दाराशी आले.

"काहो इकबालभाई, पोरगी येऊन राह्यली म्हंते?"

"हैदराबादेत उतरली. मोटारीनं निघाली हाये."

"घडीच्या इस्टुलावर बसून आली म्हंते? म्हंजे विमानातबी आपल्यासारखंच बोनेट असते काय?" सदाशिवराव खदखदले. "मंग आजच्या दिवस मले बसू द्या ना इथं!"

"नाही. ते सीट बुक हाये."

पावणेचार झाले. कंडक्टर धावजी, हा तांड्यावरचा पोरगा, इकबालच्या हाताखालीच तयार झालेला. तो हळूच म्हणाला, "काका, दोन-चार मिनिटं थांबू. आज कोन बोलते तुमाले?"

"कोनी नाही बोलनार. म्हनूनच नाही थांबायचं."

म्हणाला खरा, पण तेवढ्यात त्यानं गेटाकडे नऊ वेळा पाहिलं. तीन अठ्ठावनला गाडी सुरू केली. गिअरवर हात ठेवला, आणि गेटातून चाकांची बॅग ओढत फिजा धावत आली.

"अब्बा, सीट?"

"पुसून ठेवली."

धावजीनं तिकीट फाडलं. "बाईमानूस, हाफ. विमानात फुकट आली ना ताई? पाहा, आमचीच गाडी महाग!"

बरोबर चारला गाडी हलली.

आता सदाशिवरावांचे पुरावे ऐका. एक, उमरखेडाबाहेरचा फाटा ओलांडताच धावजीनं घंटी वाजवणं बंद केलं. थांबा आला की नुसता हात दाखवायचा. दोन, केबिनच्या डाव्या खिडकीला इकबालचा टावेल लटकला. तीन, ज्या खड्ड्यांवरून रोज टोपी उडायची, तिथून गाडी पाळण्यासारखी गेली. असं चालवणं इकबालचं नव्हेच! महागावात वाहतूक नियंत्रकानं विचारलं, "इकबालभाई, अकरा मिनिटं? तुमी?" तर माणूस नुसता हसला आणि उशिराच्या कारणापुढे त्यानं लिहिलं, 'घरगुती'. मग काय, सदाशिवरावांनी दुसऱ्या दिवशी उमरखेडात हाटेलात बातमी सोडली, आठवड्यात ती राळेगावपर्यंत गेली. धावजीला विचारलं तर तो म्हणे, "मी तिकिटं फाडून राह्यलतो." इकबालनंही कधी खोडून काढलं नाही. पोरीनं एसटी चालवली असं लोक म्हणाले की त्याला आवडायचं.

खरं एवढंच आहे. फिजानं स्टेअरिंगला हात लावला नाही. मस्कत ते हैदराबाद ती कॉकपिटमध्ये जागी बसली होती. बापाच्या केबिनमध्ये ती फाट्यापासून महागावपर्यंत झोपली. तिला ऊन लागू नये म्हणून टावेल होता. ती उठू नये म्हणून इकबालनं गाडी हळू चालवली.