विनूने बसवलेला लीव्हर

विनूच्या बायकोचा, सुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी बरगीला एका शेतकऱ्याच्या पंपावर वाकलो होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. हातातला पाना तिथेच टाकून मी मोटारसायकल काढली आणि जबलपूर येईपर्यंत हेल्मेटच्या आत रडत राहिलो. पन्नास वर्षांची दोस्ती आमची. खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दोन घरांच्या मधे एक भिंत होती, गोहलपुरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तीही नव्हती. महिन्याभराने तू याच विनूवर चिडून लिहायला बसशील, असं त्या दिवशी कोणी म्हटलं असतं, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

फिटर म्हणून विनू अव्वल, हे आजही म्हणतो. कारखान्यात शिकलेली एक शिस्त त्याने शेवटपर्यंत पाळली. कुठलीही मशीन उघडायची, तर आधी जोडाच्या दोन्ही भागांवर पंचने ठिपके मारायचे, तिरपे तीन. परत जोडताना ठिपक्यासमोर ठिपका आला की काम झालं. "ठिपके मारणारा चुकूच शकत नाही," म्हणायचा, आणि लोक मानायचे. मीही मानायचो. नाकावर माशी बसू द्यायचा नाही, पण कामात बोट ठेवायला जागा नसायची.

फिरत्या कटरने लोखंड तासणारी, लिलावातून घेतलेली जुनी मिलिंग मशीन त्यानेच खोलली, धुतली, जोडली. मी तेव्हा सासरी, मेव्हण्याच्या लग्नात. परत आलो तर मशीन चालू, फक्त टेबलाचा लीव्हर उलटा. उजवीकडे ढकलला की टेबल डावीकडे जाणार.

"काहून बे असं?" मी विचारलं.

"अबे, आलीच अशी. आधीच कोणीतरी घोळ करून ठेवला. आतला पार्ट नाजूक आहे, टूटा तो मिलेगा नहीं. लीव्हरमागची ती पेटी उघडू नको, सांगून राहिलो."

चलो, झालं. लाल रंगाने बाण काढला आणि हाताला उलटी सवय लावली. आमची मशीन डावखुरी आहे, असं गिऱ्हाइकांना हसत सांगायचो.

मग ती दुपार. दिवाळीआधीची घाई, डोळ्यांवर झापड... डाव्या हाताने लोखंडाचा कीस झाडत होतो. टेबल कटरपासून लांब न्यायचं म्हणून लीव्हर लांबच्या बाजूला ढकलला, जगातल्या कुठल्याही सरळ मशीनवर ढकलतात तसा. टेबल माझ्या हातासकट कटरकडे आलं. दोन बोटं गेली. विनूनेच स्वतःच्या शर्टात माझा हात गुंडाळला, ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, खाटेजवळून हलला नाही. आणि माझ्यासमोर माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, याला कितीदा सांगितलं, लीव्हर उलटा आहे म्हणून. पण याचं ध्यानच नसते." मी मान खाली घातली. तेव्हापासून मिलिंग त्याच्याकडे आणि मी ड्रिलवर. माझ्या हातावरचा माझाच भरवसा उडाला होता.

विनूच्या तेरवीनंतर मिलिंगवर सलीमला बसवायचं ठरलं. कामाला नवीनच, दोन लेकरांचा बाप. त्याची दहाही बोटं शाबूत पाहिली. म्हटलं, पार्ट तुटला तर तुटला. आधी विचार केला, मोटारच्या वायरी अदलाबदल झाल्या असत्या तर सगळेच लीव्हर उलटे चालले असते. इथे एकच उलटा, म्हणजे दोष त्या लीव्हरच्याच मागे. पेटी उघडली. लीव्हरच्या दांड्यावर आत पिनने जडवलेला एक आखूड लोखंडी हात असतो, तो गिअर इकडून तिकडे सरकवतो. तो वर हवा होता, खाली लोंबत होता. नाजूक कसला, अंगठ्याएवढा जाड! तेल पुसलं. दांड्यावर तिरपे तीन ठिपके, वर. आणि त्या हातावरचे तीन, पार खाली.

ठिपके विनूचे, खोलण्याआधी समोरासमोर मारलेले. म्हणजे मशीन सरळच आली होती. उलटी जोडली ती त्याने.

चूक होते हो, माणूसच तो. पण पिन काढा, हात फिरवा, पिन ठोका... अर्ध्या तासाचं काम. जे मला दिसलं ते त्याला दिसलं नसेल? मग पेटी उघडू नको म्हणून काहून सांगितलं असतं? विनू चुकला, एवढं चार लोकांत म्हणावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा त्याला माझी बोटं स्वस्त वाटली. बोटांचंही जाऊ दे. दवाखान्यात तरी खरं बोलायचं होतंस, विनू. माझी मान खाली गेलेली तू बसून पाहिलीस.

लीव्हर मी सरळ केला. सलीम मजेत काम करून राहिला. मीच त्या मशीनपासून लांब असतो, कारण लीव्हर धरला की माझा हात अजून उलटाच जातो, तू लावलेल्या सवयीने, आणि मग दिवसभर डोकं तापलेलं राहतं. सांगितलं असतंस तर काय झालं असतं रे? मी एक सणसणीत शिवी घातली असती, कोपऱ्यावरून दोन चहा मागवले असते, आणि दोघांनी मिळून ती पिन काढली असती.