सत्तावीस पूर्णांक एक तृतीयांश

जगातल्या प्रत्येक आकड्याची जात आपल्याला ठाऊक आहे असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. मुरुडच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर शिकवायला पोरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी नातेवाईक हाती घेतले. त्यांच्याकडे जेवायला बसलं की पाहुणे ही नैसर्गिक संख्या, भाकरी मात्र परिमेय, कारण तिची चतकोरही होते, हे ऐकूनच पहिला घास घ्यायचा. मेहुणीने वरण संपल्याचं सांगितलं, तर शून्य आलं म्हणून पूर्ण संख्यांवर पाच मिनिटं, आणि आपण कोरडी भाकरी हातात धरून माना डोलवायच्या. लातूरच्या बसमध्ये कंडक्टरने "अर्धे कोण कोण?" असं विचारलं, तर पासष्टी उलटलेला हा गृहस्थ हात वर करत नाही. माणूस कधी अर्धा नसतो, म्हणून पुरं तिकीट काढतो. अशा तत्त्वनिष्ठेला आमच्याकडे दुसरा शब्द आहे, पण साडूच्या नात्यात तो लिहिता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीला बघायला नांदेडहून पाहुणे आले. मुलगा तिला आवडला होता. तसं ती मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला, आधीच बोलली होती. मध्यस्थाने लेकीचं वय पंचवीस सांगितलं होतं, सगळेच सांगतात तसं. पोहे झाले, चहा आला, आणि मुलाच्या मामांनी काहीतरी बोलायचं म्हणून मुलीचं वय विचारलं. बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं, पण साडू केव्हाच सुटले होते.

"सत्तावीस पूर्णांक एक तृतीयांश," ते म्हणाले. "वय परिमेय असतंय. मध्यस्थ पंचवीस म्हणून राहिले, ते निव्वळ खोटं हाय."

वर बायोडाटाच्या पाठीवर न संपणारे तीन-तीन-तीन लिहून दाखवले. मामांनी कप खाली ठेवला. नांदेडचा निरोप काही आला नाही, आणि लेकीने बापाशी बोलणं टाकलं.

दिवाळीनंतर मी मुरुडला गेलो तो त्यांना चांगलं सुनावायचं ठरवूनच. लेक आली, त्यांच्यापुढे चहा ठेवून मुकाट्याने आत गेली.

"मी खरंच बोललो ना, राव?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

खरं तर होतंच. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, किती दिवस झाले ती बोलली नाही? आता आकडा येणार आणि मागोमाग त्याची जात येणार, म्हणून मी सावरून बसलो.

"मोजलं न्हाई," ते म्हणाले.

सुनावणं राहूनच गेलं. आत ती भांडी घासत होती, आणि ते चहा निवू देत तिकडे कान लावून बसले होते.